पाय टेकायचा नाही

विजयश्री : ब्रेक, आत्याबाई, ब्रेक दाबा! तोंडानं हो-हो म्हणून थांबत नसते सायकल!

पद्माबाई : थांबली की.

विजयश्री : बाभळीला धडकली म्हणून थांबली.

पद्माबाई : थांबली का न्हाई तेवढं सांग. कशानं थांबली ते कोन इचारतंय?

विजयश्री : वनखात्याचे सुनीलकुमार साहेब विचारतील. परीक्षा घ्यायला नऊला गेटवर येणार हायत, आणि सात वाजून गेले. लागलं काय कुठं?

पद्माबाई : मला कायबी न्हाई. बाभळीला इचार. धर, मागनं कॅरियर धर, बसते परत.

विजयश्री : आता मी धरणार न्हाई. काल शाळेच्या मैदानावर सात चकरा मारल्या तुम्ही. तेव्हा मी कुठं होते?

पद्माबाई : मागं. कॅरियर धरून.

विजयश्री : पायरीवर. शेंगा खात बसले होते. पहिल्या चकरेलाच हात सोडला मी.

पद्माबाई : आगं बया! सासूला वाऱ्यावर सोडून शेंगा खाल्ल्यास?

विजयश्री : आणि सासू पडली का? न्हाई. कुणी धरलंय असं वाटलं की तुम्हाला सायकल येती. सोडलंय असं कळलं की येत न्हाई. बसा. उजवा पाय पायडलवर. पुढं बघा, चाकाकडं नको.

पद्माबाई : चाकाकडं बगितल्याबिगर ते कुठं चाललंय कसं कळंल?

विजयश्री : मेंढरं राखत होतात तेव्हा काय आपल्या पायाकडं बघून चालत होतात?

पद्माबाई : न्हाई. म्होरल्या मेंढराकडं बगून.

विजयश्री : मग त्या वळणावरचा पांढरा दगड म्हणजे म्होरलं मेंढरू समजा. चला.

पद्माबाई : चालले... चालले... चालले गं विजू! काहीतरी बोलत ऱ्हा. तुझा आवाज मागनं आला की बरं वाटतंय.

विजयश्री : पळून पळून माझा जीव चाललाय, बोलू काय? तुम्हीच बोला. साहेबानं विचारलं तेव्हा खोटं कामून बोललात ते सांगा.

पद्माबाई : खोटं कशाचं? त्यानं इचारलं, सायकल येती का. मी म्हनलं, येती. परीक्षा कवा हुती? नऊ दिसांनी. तवर येनारच हुती. जरा आदी बोलले, एवढंच.

विजयश्री : आणि न्हाई आली असती तर?

पद्माबाई : बावन वर्सांत मला काय आलं न्हाई ते सांग. अडलेली मेंढी सोडवली, लोकर कातरली, लांडग्याला नुसत्या काठीनं हुसकला. ही दोन चाकं काय लांडग्यापरीस वरचढ हायत व्हय? तू म्हनत हुतीस पँट घाला म्हनून. लुगड्याच्या कासोट्यात बग कसं मोकळं बसता येतंय. ज्यानं सायकल काढली त्याची माय लुगडंच नेसत असंल.

विजयश्री : त्या लुगड्याला कुसळं किती लागलीत ते बघितलंत का?

पद्माबाई : लागू दे. वळखीची हायत ती.

विजयश्री : एक विचारू का? रागावू नका. काल मामंजी म्हणत होते, ह्या वयात हाड मोडून घेतलं तर जुळत बी न्हाई. माझा नवरा तर रोजच म्हणायलाय, आईला आवर घाल. तुम्ही घरी बसला असतात तरी भागलं असतं की. मग एवढा हट्ट कामून?

पद्माबाई : भागलं असतं. अकरा वर्सं भागलंच की. तुझ्या सासऱ्याचे गुडघे गेले, मेंढरं इकली, अन् दुसऱ्या दिसापासनं मी लोकाच्या रानात खुरपायला लागले. खुरपं वाईट न्हाई गं. पन ते खाली बगून करायचं काम हाय. मला लांब बगायची सवय.

विजयश्री : हां.

पद्माबाई : आनि ह्या माळाला तार मारली तवापासनं मला हितं चोरावानी यावं लागायलंय. आजबी तुझ्या गटाच्या नावावर आत आले. मागल्या दिवाळीला तारंतनं वाकून आत आले. काय चोरायला न्हाई, नुसती हरनं बगायला. तर राखनदार म्हनला, आजी, बाहेरच्या मानसाला बंदी हाय. बाहेरच्या मानसाला! तुझा नवरा त्या पल्याडच्या बोरीखाली जन्मलाय. दाई मेहकरहून यायच्या आत. म्या त्या राखनदाराला कायबी बोलले न्हाई. घरी आले अन् चुलीम्होरं बसून रडले. मला त्या गेटातनं सरळ आत यायचंय विजू, मान वर करून. वाटाड्याचं पद मिळालं तरच यायला येतंय. साहेबानं इमान उडवता येतंय का इचारलं असतं तरी येतंय म्हनले असते.

विजयश्री : हे तुम्ही कधी बोलला न्हाईत.

पद्माबाई : तू कवा इचारलंस? थांबू काय जरा हितं?

विजयश्री : थांबू नका! पाय टेकायचा न्हाई! साहेबाचा नियम विसरलात का? नऊ किलोमीटरची सोपी वाट हाय ही, म्हाताऱ्या माणसांसाठी, लेकरांसाठी केलेली. वाटाड्याला ती एकदाही पाय न टेकता पुरी करता आली पाहिजे. दगडांच्या बाहेर गेलं की नापास, पाय टेकला की नापास. मग दुपारी प्रभुलिंगचा नंबर.

पद्माबाई : कोन, त्यो बिदरचा? टिटवीला चिमनी म्हननारा?

विजयश्री : टिटवीला चिमणी म्हणतो, पण सायकल हात सोडून चालवतो.

पद्माबाई : उद्या शाळंची चाळीस लेकरं येनार हायत वाट उघडायला. ती काय त्याचे हात बगायला येनार हायत?

विजयश्री : वळण आलं. दगडाच्या आतून घ्या... हळू... शाबास! बघा, जमायलंय!

पद्माबाई : जमनार न्हाई तर काय. दगुड बाकी झकास दिसायलेत. कुनी रंगवले?

विजयश्री : आम्हीच की. आमच्या बचत गटाला काम मिळालं होतं. साहेबानं नकाशा दिला, आम्ही चुना मारला आणि मांडत गेलो. वाटेच्या दोन्ही अंगाला. दगडांच्या मधून गेलं की माणूस चुकत न्हाई.

पद्माबाई : हे चपटे कुठनं आनले? आपल्याकडं खानीतनं असला दगुड निघत न्हाई.

विजयश्री : टेम्पोतून आले त्यात पंधरा कमी पडले. सगळ्या बायका डोक्याला हात लावून बसल्या. मग मीच हिंडून शोधले. तळ्याच्या काठाला चपटे दगड तयार रचून ठेवलेले होते, तीन-तीन, एकावर एक. मी म्हटलं, कुणीतरी आपल्यासाठीच ठेवलेत बघा. पाच ढीग, पंधरा दगड. बरोब्बर पुरले. आत्याबाई? अहो पाय! पाय टेकलात तुम्ही!

पद्माबाई : पाची ढीग उचललेस?

विजयश्री : व्हय. कामून?

पद्माबाई : एकबी ठेवला न्हाईस?

विजयश्री : पंधराच पाहिजे होते ना. काय झालं? असं काय बघायलात माझ्याकडं?

पद्माबाई : विजू, ते ढीग न्हवते गं. ती खून हुती.

विजयश्री : कसली खूण?

पद्माबाई : बस हितं. सायकल आडवी कर. हे बग, पावसाळ्यात तळ्याचं पानी पार वर येतंय. दिवाळीनंतर उतरत जातंय अन् मागं गाळ ऱ्हातो. वरनं वाळतंय, भेगा पडतेत, पापडावानी कडक दिसतंय. खाली सगळी राबडी. मेंढरू गेलं की पोटापोतर आत. मग ज्याचं जनावर रुतलं त्यानं गाळाच्या अलीकडं तीन दगुड रचायचे, मागनं येनाऱ्या कळपाला कळावं म्हनून. दर साली काठीनं दाबून बगायचं अन् गाळ सरकला तसे दगुड सरकवायचे. आमी रचायचो, औरादकडचे मेंढपाळ रचायचे. तोंड बी बगितलं नसंल एकमेकांचं. पन त्या दगडाला कुनी हात लावायचं न्हाई. होळी होस्तोवर तिथं पाऊल टाकायचं न्हाई.

विजयश्री : मी औरादचीच हाय, पण आमचं घर शेतकऱ्याचं. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई हे.

पद्माबाई : तुझ्या नवऱ्याला बी ठाव न्हाई. मेंढरं इकली तवा त्यो कॉलेजात जायाचा. आता कशाला सांगायचं म्हनून म्या बी गप बसले. चूक माझी हाय.

विजयश्री : पण वाट तर काठानंच जाते. सहाव्या किलोमीटरला. सपाट म्हणून तिथं आम्ही दगड मांडलेच न्हाईत. साहेबानं मे महिन्यात स्वतः जीप फिरवली होती तिथून, मग नकाशा काढला.

पद्माबाई : मे म्हैन्यात तिथनं हत्ती बी जाईल. आता संक्रांत हाय.

विजयश्री : किती आत जातं माणूस?

पद्माबाई : मी कमरंपोतर गेले हुते.

विजयश्री : तुम्ही?

पद्माबाई : नवी नवरी हुते. हळद बी उतरली नव्हती. एक कोकरू पळालं म्हनून त्याच्या मागं धावले. जितकी हालायले तितकी आत जायले. तुझ्या सासऱ्यानं लांबनं घोंगडं फेकलं, त्याला धरून वर आले. आमचं लगीन झाल्यापासनं ते पयल्यांदा माझ्याशी बोलले. काय बोलले ते सांगायजोगं न्हाई.

विजयश्री : देवा. आणि मी ते दगड उचलून चुना मारला. आत्ताच्या आत्ता जाऊन साहेबाला सांगते मी.

पद्माबाई : काय सांगशील? गाळ कुठं हाय, किती हाय, तुला ठाव न्हाई. मला बी न्हाई. दोन वर्सांमागं तार मारली, तवापासनं कुनी काठी दाबून बगितलं न्हाई. जागा सरकली असंल. सुकली बी असंल. माती बगितल्याबिगर मी तोंड उघडनार न्हाई.

विजयश्री : आता जाऊन बघून यावं तर नऊ वाजतील. साहेब गेटवर येऊन उभे राहतील.

पद्माबाई : मग परीक्षेतच बगू.

विजयश्री : आणि ओलं दिसलं तर?

पद्माबाई : तर थांबायचं.

विजयश्री : थांबलात की पद गेलं, आत्याबाई!

पद्माबाई : मला काय कळत न्हाई व्हय ते?

विजयश्री : ऐका माझं. तुम्ही हलक्या हायत. जोरात पायडल मारलं तर भरकन पलीकडं जाल. पद हातात पडू दे, कागदावर सही होऊ दे. मग संध्याकाळी दोघी जाऊन साहेबाला सगळं सांगू. लेकरं उद्या यायलेत, आज न्हाई. एका दिवसानं काय बिघडतंय?

पद्माबाई : मला बी तसंच वाटायलंय गं. लई वाटायलंय. ऊठ, सायकल सरळ कर.

(नऊ वाजून गेले आहेत. गेटातून तीन सायकली निघाल्या आहेत : पुढे पद्माबाई, मध्ये सुनीलकुमार, मागे विजयश्री.)

सुनीलकुमार : ही जुनी सायकल कशाला अक्का? नव्या गिअरच्या आल्यात ना गेटवर. एक तुमच्या सुनेला दिली, एक तुम्हाला घ्यायची.

पद्माबाई : नवं जनावर पयल्या दिशी वळखत न्हाई साहेब. ही सुनेचीच हाय. आठवीत शाळंतनं मिळालेली. माहेराहून येताना पेटी आनली न्हाई तिनं, ही आनली.

सुनीलकुमार : आयतु, आयतु. बरं, नियम लक्षात आहे ना?

विजयश्री : पाठ हाय साहेब!

सुनीलकुमार : तुम्हाला नाही विचारलं ताई. तुम्ही मागून गप्प या. अक्का, असं समजा की मी बिदरच्या नौबादहून आलेला पर्यटक आहे. पहिल्यांदाच आलोय. मला इथलं काहीच ठाऊक नाही.

पद्माबाई : ते दिसायलंच की.

सुनीलकुमार : काय म्हणालात?

पद्माबाई : म्हनलं, नमस्कार, आपलं स्वागत हाय. सुनंनं शिकवलंय तसं.

सुनीलकुमार : बरं, हा पक्षी कोणता? मघापासून डोक्यावर ओरडतोय.

पद्माबाई : टिटवी. आपन आलोय ते साऱ्या माळाला सांगायलीय. ती गप होस्तोवर एक हरन दिसायचं न्हाई. म्हनून पावन्यांना आदी सांगायचं, बाबांनो, फोन खिशात ठेवा अन् तोंड मिटा. माळ आपसुक उघडतोय.

सुनीलकुमार : वा. आणि लांडगा? सगळे लांडगाच विचारणार बघा. दाखवाल?

पद्माबाई : लांडगा दाखवायचा नसतोय साहेब. गेटापासनं हितवर त्यानंच आपल्याला दोनदा बगितलं असंल.

सुनीलकुमार : आता उगं घाबरवू नका.

पद्माबाई : डाव्या अंगाला बगा. त्या झुडपाकडं तोंड करून सातभाई पाखरं कालवा करायलेत का? खाली काहीतरी बसलंय. साप तरी असंल, न्हाईतर त्यो. आपन आपल्या वाटंनं जायाचं. त्याला बी कामं हायत.

सुनीलकुमार : पंधरा वर्षं नोकरी झाली माझी. सातभाईकडं बघून काही कळतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगू अक्का? पद तुमचंच धरा. फक्त नऊ किलोमीटर पुरे करा, म्हणजे मला लिहायला मोकळं. पाच झालेच की.

विजयश्री : आत्याबाई, ऐकलंत का?

पद्माबाई : ऐकलं.

सुनीलकुमार : आता वळलं की तळं. ही ह्या वाटेची सगळ्यात सोपी जागा. चढ नाही, खड्डा नाही, टेबलासारखं सपाट. आणि समोर ती परदेशी बदकं. उद्या फोटो इथंच काढायचे ठरलंय.

विजयश्री : आत्याबाई...

पद्माबाई : गप विजू. साहेब, जरा सावकाश घ्या.

सुनीलकुमार : का हो? उलट इथं जोरात घ्या. वारं पाठीमागून आहे.

पद्माबाई : हो... हो... हो.

सुनीलकुमार : अक्का! पाय!

पद्माबाई : व्हय साहेब. टेकला.

विजयश्री : पडल्या न्हाईत साहेब! ब्रेक दाबून, सायकल थांबवून टेकला. बघितलंत ना तुम्ही?

सुनीलकुमार : अरे काय हे. एवढं छान चालवत होतात. दम लागला का? चक्कर आली? बरं, ऐका. मी बदकांकडं बघत होतो. मला काही दिसलं नाही. उचला पाय, चला पुढं.

पद्माबाई : तुमी लई चांगले हायत साहेब. पन पुढं जायाचं न्हाई. तुमी बी न्हाई.

सुनीलकुमार : काय झालंय?

पद्माबाई : ती माती बगा.

सुनीलकुमार : कोरडी आहे. भेगा पडल्यात. मी जीप नेली आहे इथून, अक्का. जीप!

पद्माबाई : वरनं कोरडी हाय. भेगंच्या आत बगा. काळं दिसतंय, चकाकतंय. आनि काल रातीची हरनाची खुरं बगा, हितवर आलीत अन् माघारी वळलीत. पान्याला आलेलं हरन पानी न पिता कामून वळंल?

सुनीलकुमार : वळलं असेल. हरणाचं काय सांगावं. नाही अक्का, असं कसं? सगळा नकाशा छापून झालाय. मी पुढं जाऊन दाखवतो तुम्हाला.

पद्माबाई : चाक हलवू नका! उतरा. सायकल धरून हितंच हुबं ऱ्हावा.

सुनीलकुमार : हं... उतरलो. उतरलो.

पद्माबाई : विजू, त्यो झेंड्याचा बांबू उपट अन् मला दे. जिथनं दगुड उचललेस त्यातली एक जागा हीच ना?

विजयश्री : हीच. ह्या खडकापासून आठ-दहा पावलांवर.

सुनीलकुमार : कसले दगड? आणि झेंडा कशाला काढायलात? उद्यासाठी लावलाय तो.

पद्माबाई : उद्यासाठीच काढायलोय. बगा आता. म्या जोर लावत न्हाई. एका हातानं दाबते.

सुनीलकुमार : गेला की आत.

विजयश्री : अजून जायलाय.

सुनीलकुमार : अक्का, सात फुटांचा बांबू आहे तो.

पद्माबाई : आता झेंडाच ऱ्हायलाय वर.

सुनीलकुमार : काढू नका. राहू दे तसाच. मला जरा बसू द्या.

पद्माबाई : बसा. खडकावर बसा, तिकडं न्हाई.

सुनीलकुमार : चाळीस लेकरं. मी त्यांना सांगणार होतो, इथं शर्यत लावा म्हणून. सपाट आहे म्हणून.

विजयश्री : साहेब, मला सांगायचंय. इथं खूण होती. मेंढपाळांनी रचलेले दगड. पाच जागी. ते मी उचलले आणि चुना मारून तुमच्या वाटेला मांडले. गटातल्या बायकांचा काही दोष न्हाई, मीच आणले. माझं नाव लिहा.

पद्माबाई : तिचं नाव लिवायचं कारन न्हाई. तिला ठाव नव्हतं. ज्यांना ठाव हुतं ती सगळी मानसं तारंच्या बाहेर हायत साहेब. मी बी.

सुनीलकुमार : कुणाचंच नाव नाही लिहीत. नकाशा कुणी काढला? मी. मे महिन्यात काढला आणि संक्रांतीला लेकरं बोलावली. गावात एका माणसाला विचारलं नाही. आता काय करू सांगा. उद्याचं रद्द करू?

पद्माबाई : कशाला रद्द? लेकरं नवे कपडे घालून बसली असतील. वाट वरनं घ्या. ती बोरीची रांग दिसायलीय का? बोर तिथंच हुबी ऱ्हाती जिथं खाली मुरूम हाय. त्या रांगंच्या अलीकडनं सरळ गेलं की पुलापाशी तुमच्या वाटंला मिळतंय. शंभर-दीडशे पावलं जास्त पडतील. बदकं तिथनं बी दिसतेत. उलट वरनं जास्त दिसतेत.

सुनीलकुमार : तिथून सायकल जाते?

पद्माबाई : ह्या टायमाला मी माझी नेऊन दाखवते. पाय न टेकता.

विजयश्री : आणि ते पंधरा दगड मी आत्ताच परत आणते. चुना धुऊन काढू का?

पद्माबाई : न्हाई न्हाई, चुना असू दे. आमचे दगुड मातीच्या रंगाचे हुते, जवळ आल्याबिगर दिसायचे न्हाईत. हे लांबनं दिसतील. पन तू एकटी मांडू नको. काठी घे. कुठं दाबायचं, किती दाबायचं, मी दाखवते. आनि साहेब, दुपारी त्या प्रभुलिंगला येऊ द्या.

सुनीलकुमार : त्याला आता कशाला? फोन करून नको म्हणणार होतो मी.

पद्माबाई : येऊ द्या. पाच जागी काठी दाबायचीय, दोघींच्यानं दिस मावळंल. त्याच्या हातात जोर हाय. टिटवी बी दाखवते त्याला.

विजयश्री : आत्याबाई, तो तुमचं पद मागायला आलाय!

पद्माबाई : पद एक हाय, माळ मोठा हाय. उद्या मला ताप आला तर लेकरांना कोन नेईल?

सुनीलकुमार : अक्का, या इकडं. कागद इथंच भरतो. गेटवर गेलो की मला पुन्हा नियम आठवायचा. नाव, पद्माबाई तुळजाराम. वय?

पद्माबाई : बावन धरा.

सुनीलकुमार : सायकल येते?

पद्माबाई : येती. नऊ दिस झाले.

सुनीलकुमार : नऊ वर्षं म्हणताय ना?

विजयश्री : नऊ दिवस, साहेब. आजचा धरून.

सुनीलकुमार : माझ्यासमोर म्हणाला होतात तुम्ही, येते म्हणून! आणि मी तुमच्या मागं एवढ्या अंतरावरून चालवत होतो!

पद्माबाई : तुमाला कायबी झालं का?

सुनीलकुमार : ...नाही. बरं. पुढचा रकाना. पाय टेकला का?

पद्माबाई : टेकला.

सुनीलकुमार : ह्याच्यापुढं नापास लिहायचं असतं. मी पास लिहितोय. पण मग कारण लिहावं लागतं, वरचे साहेब विचारतात. कामून टेकला, अक्का?

पद्माबाई : लिवा की. मागं मानसं हुती म्हनून.